ट्रायलमध्ये ऊसतोडीची बाई कशी येईल: एका कोऑर्डिनेटरच्या वहीतून

माझ्या टेबलाच्या खणात एक दोनशे पानी वही आहे, ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या चाचणीत, येता येता राहिलेल्या माणसांची. तिच्यात कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. तालुका, बाई की पुरुष, अंदाजे वय, काम, आणि पुढे एक ओळ. "शाहूवाडी, बाई, पन्नाशीची, धनगरवाडा. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लांबून काय परत येणार, सोडा." "इचलकरंजी, पुरुष, ३५, यंत्रमाग. मराठी वाचता येत नाही, हिंदी फॉर्म नव्हता." "शिरोळ, बाई, चाळिशीची, ऊसतोड. विचारलं नाही. का ते आठवत नाही."

ही तिसरी नोंद माझ्याच हातची आहे, आणि वही उघडली की नजर आधी तिच्यावरच जाते.

चौदा वर्षं झाली, मी कोल्हापुरात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. मधुमेह, दमा, रक्तदाब, मधे एकदोन लशी. या कामात नवीन आलेली पोरं आणि थिसिसवाले एमडीचे विद्यार्थी मला हमखास एकच विचारतात, "ताई, हे लोक ट्रायलला येतच नाहीत, काय करायचं?" वही चाळली तर "नाही म्हणाले" अशा नोंदी फार थोड्या सापडतात. बाकी सगळीकडे त्यांच्या आधी आपणच नाही म्हणून मोकळे झालेलो असतो, कधी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी नियमांत, कधी तारखेत, कधी गाडीभाड्याच्या व्हाउचरमध्ये. ब्रिटनच्या एनआयएचआर या आरोग्य संशोधन संस्थेने २०२० साली या विषयावर मार्गदर्शन काढलं, तेव्हा "ज्यांच्यापर्यंत पोचणं अवघड" हा शब्द टाकून "ज्यांना आपली सेवा कमी पडते" अशा अर्थाचा शब्द घेतला. चूक कुणाच्या अंगावर पडते ते या एका शब्दाने बदलतं. म्हणून खाली जे लिहिते ते माणसं कशी आणायची याबद्दल कमी आणि आपण लावलेल्या कड्या कशा काढायच्या याबद्दल जास्त आहे.

आधी वही घाला

स्क्रीनिंग लॉग, म्हणजे कुणाला तपासलं, कुणाला घेतलं याची यादी, सगळ्याच ट्रायलमध्ये असतो, पण तो सुरू होतो आपण विचारलेल्या माणसापासून. ज्याला विचारलंच नाही त्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून ट्रायल सुरू व्हायच्या आधी महिनाभर ओपीडीच्या दारात बसा. त्या आजाराचे कोण येतात, कुठून, कशाने, कुणाबरोबर, एवढंच लिहा. नाव लिहायचं नाही, म्हणजे खासगीपणाचा प्रश्न येत नाही. आणि डॉक्टरांना आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीला, सांगून करा, चोरून नको. मग ट्रायल चालू झाली की दर महिन्याला दोन आकडे शेजारी मांडायचे, ओपीडीत किती बायका आणि ट्रायलमध्ये किती, ओपीडीत गगनबावड्याचे किती आणि ट्रायलमध्ये किती. दम्याच्या एका ट्रायलमध्ये आमचे बहुतेक पेशंट शहरातल्या राजारामपुरी, शाहूपुरी आणि ताराबाई पार्कातले निघाले. कापसाची धूळ खाणारा इचलकरंजीचा माग कामगार एकही नव्हता. दम्याची ट्रायल, आणि धुळीत काम करणारा माणूस नाही!

यावर एखादा डॉक्टर म्हणतो, औषध ते औषध, सगळ्यांना सारखंच लागू पडतं. त्यांना मी झोल्पिडेमची गोष्ट सांगते. झोपेची ही गोळी वर्षानुवर्षं बायकांना आणि पुरुषांना एकाच डोसने दिली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही अंमल राहतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ साली बायकांचा सुरुवातीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला. त्याच एफडीएने १९७७ साली मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या ट्रायलमधून बाहेर ठेवायला सांगितलं होतं आणि १९९३ साली ते मागे घेतलं. एवढी गोष्ट ऐकली की डॉक्टर सहसा गप्प बसतात.

प्रोटोकॉलमधल्या अटी

प्रत्येक अटीपुढे पेन्सिलने लिहा: ही अट पेशंटला वाचवते, की आपली सोय बघते? किडनी खराब असेल तर घेऊ नका, ही अट वाचवते. "लिहिता-वाचता येणे आवश्यक" ही सोय बघते. "स्मार्टफोन असणे आवश्यक" हीसुद्धा, कारण डायरी ॲपमध्ये भरायची म्हणून कुणीतरी ती घातलेली असते. कागदाची डायरी, तीत सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चांदणी छापली, तर सत्तर वर्षांची आजी शहरातल्या इंजिनिअरपेक्षा नीट भरते. हे मी पाहिलंय. इंजिनिअर व्हिजिटच्या आदल्या रात्री एका बैठकीत सगळी डायरी भरतात, एकाच पेनाने.

हिमोग्लोबिनची अट नीट बघा. २०१९-२१ च्या एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, आणि आपल्या राज्यातही निम्म्याहून जास्त. अशा ठिकाणी "हिमोग्लोबिन १२ च्या वर" असं एका ओळीत लिहिलं की बायकांना विचारायच्या आधीच निम्म्या गळल्या. औषधाचा रक्ताशी काही संबंध नसेल तर हा आकडा कुठून आला ते विचारा. पुष्कळदा तो मागच्या प्रोटोकॉलमधून चिकटवलेला असतो.

वयाचंही तसंच. "६५ पर्यंत" लिहिलेलं असतं आणि समोरचे मामा सांगतात, "कोयनेचा भूकंप झाला तवा मी रांगत हुतो." म्हणजे जन्म ६६-६७ चा. आधार कार्डावर मात्र १ जानेवारी १९५५, कारण नोंदवणाऱ्याने अंदाजाने टाकलं. अशा वेळी वयाचा पुरावा म्हणून काय काय चालेल ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून घ्या. नंतर मॉनिटरशी, म्हणजे आमचे कागद तपासायला येणाऱ्या माणसाशी, भांडण्यात अर्थ नसतो.

कंपनीच्या ट्रायलमध्ये प्रोटोकॉल आपल्या हातात नसतो, हे खरं. पण साइट, म्हणजे ट्रायलचं ठिकाण, निवडण्याआधी फीजिबिलिटीचा फॉर्म येतो ना, तिथे आपण सगळे "महिन्याला आठ पेशंट मिळतील" असं खुशाल लिहून टाकतो. त्याऐवजी लिहा: या तीन अटींमुळे आमच्याकडच्या बायका आणि म्हातारी माणसं बाहेर राहतील. चार कंपन्यांनी दुर्लक्ष केलं, पाचवीने एक अट बदलली.

भिंतीवरचं कॅलेंडर

एकादशी, अमावस्या असतात ते कॅलेंडर घ्या आणि त्यावर व्हिजिट मांडा. राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याकडे जून-जुलैत भाताची रोप लावण असते. त्या दिवसांत चिखलातून माणूस रक्त द्यायला येणार नाही, आणि येऊही नये. चैत्रात जोतिबाची यात्रा. नोव्हेंबरच्या सुमारास कारखान्यांचं गाळप सुरू होतं आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, मार्च-एप्रिलला परत जातात. डिसेंबरात भरती करून चोवीस आठवडे फॉलो-अप ठेवलात तर ऊसतोडीचं माणूस शेवटच्या व्हिजिटला चारशे किलोमीटरवर असणार, आणि तुम्ही लॉगमध्ये लिहिणार "लॉस्ट टू फॉलो-अप". हरवलेलं कुणीच नाही. ते आपल्या घरी गेलंय.

उपाय दोन. भरती नोव्हेंबरातच उरका आणि फॉलो-अप सोळा आठवड्यांत बसवता येतो का बघा. नसेल बसत तर तिकडे दुसरी साइट धरा. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, शेवटच्या दोन व्हिजिट तिथे होऊ शकतात. मात्र हे प्रोटोकॉल लिहितानाच ठरवायला हवं. एप्रिलमध्ये फोनाफोनी करून काही होत नाही.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि शहराची वाट बंद झाली. माझे शिरोळचे पेशंट पाण्याने वेढलेल्या गावांत, व्हिजिटची मुदत तीन दिवस मागे-पुढे, आणि कंपनीकडून ईमेल: "कृपया पेशंट व्हिजिटला का आला नाही याचे कारण द्यावे." मी गावाचा फोटो जोडून पाठवला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून आम्ही पावसाळ्यातल्या व्हिजिटला दहा दिवसांची सवड, फोनवरून व्हिजिटची परवानगी आणि महिनाभराची जादा औषधं आधीच मागून घेतो.

माग कामगारांसाठी तारखेपेक्षा वेळ महत्त्वाची. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला सकाळी दहाला "उपाशीपोटी या" म्हणणं ही क्रूर गोष्ट आहे. उपाशीपोटीची साखर खरंच हवी का, की एचबीएवनसीवर, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर, भागेल? भागत असेल तर संध्याकाळीही रक्त घेता येतं. गगनबावडा इथून पंचावन्न किलोमीटर. तिथली मधुमेहाची बाई पहाटेपासून उपाशी, एवढ्या लांबून येणार आणि आमच्या दारात चक्कर येऊन पडणार. एकदा पडली. त्या दिवसापासून टेबलावर ग्लुकोजचा डबा आणि पारले बिस्किटं असतात, पण खरं म्हणजे ती व्हिजिट तिच्या गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हवी होती.

वडापाला तिकीट नसतं

बाहेरच्यांसाठी सांगते, माणशी पैसे घेऊन जाणाऱ्या जीपला आमच्याकडे वडाप म्हणतात. जिथे एसटी दिवसातून दोनदा जाते तिथे लोक वडापानेच येतात. वडापवाला तिकीट देत नाही. अकाउंटवाल्यांना तिकीट लागतं. म्हणून सगळ्यात लांबून, सगळ्यात जास्त पैसे खर्चून आलेल्या माणसाला परतावा मिळायचा नाही, आणि शाहूपुरीतल्या रिक्षावाल्याची पावती मात्र पास व्हायची.

कहर झाला २०२३ मध्ये. मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तर एका ठिकाणच्या अकाउंट विभागाने महिला पेशंटचा प्रवासखर्च थेट निम्मा केला. एसटी त्या गावात जाते का, हे कुणी विचारलं नाही. सोबत आलेल्या दिराचं पूर्ण तिकीट, तेही कुणी धरलं नाही.

तालुकावार ठरावीक रक्कम ठरवा, करवीरला एवढी, चंदगडला एवढी, सोबतच्या माणसाचीही तेवढीच, आणि ती एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घ्या, म्हणजे तिकीट मागायचं कारणच उरत नाही. बुडालेल्या रोजाचे पैसे वेगळे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते. पैशाच्या आमिषाने माणूस जिवावर उदार होऊन येईल इतकी मोठी रक्कम मात्र नको. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात आणि पैसे टनावर. एक दिवस चुकला तर खाडा पडतो आणि तो उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून, कापला जातो. बाई एकटी दवाखान्यात आली तरी अडतो अख्खा कोयता. म्हणून रोज दोघांचा धरा.

आणि पैसे त्याच दिवशी, तिच्या हातात, सहीनिशी. "खात्यावर जमा होतील" म्हणालात की विचारा, खातं कुणाच्या नावावर आहे?

कागद

संमतीपत्राचं मराठी भाषांतर बहुतेक वेळा बाहेरून होऊन येतं. "यादृच्छिकीकरण", "प्रतिकूल घटना", "आपणांस याद्वारे अवगत करण्यात येते". सोबत उलट भाषांतराचं प्रमाणपत्र. म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजी केलं आणि ते मूळ मजकुराशी जुळलं. जुळणारच! "यादृच्छिकीकरण" या शब्दाचा इंग्रजीत एकच अर्थ होतो. आजीला तो कळतो की नाही, हे त्या प्रमाणपत्रात कुठेच नसतं. त्यामुळे एथिक्स कमिटीकडे द्यायच्या आधी तो कागद पाच माणसांना मोठ्याने वाचून दाखवा, ज्या लोकांना घ्यायचंय त्यांच्यातल्याच पाच जणांना. जिथे भुवई वर जाते तिथे खूण करा. कमिटीत नियमाने किमान सात जण असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, त्यांत एक सामान्य नागरिक आणि एक बाई हवीच. त्या सामान्य नागरिकाला बैठकीआधी फोन करून सांगा, "सर, बाकी काही बघू नका, हे तुमच्या कामवाल्या मावशींना कळेल का एवढंच बघा."

यादृच्छिकीकरण म्हणजे चिठ्ठी टाकून कोण कुठल्या गटात जाणार ते ठरवणं. हे मी बरीच वर्षं भिशीचं उदाहरण देऊन सांगायची. बायका लगेच माना डोलवायच्या, मला वाटायचं झकास. मग एकदा कागलच्या एका वैनींनी विचारलं, "मग खरी गोळी मला फुडच्या म्हैन्यात लागंल का?" बरोबरच होतं त्यांचं. भिशीत आज ना उद्या प्रत्येकीचा नंबर लागतो. मी इतकी वर्षं चुकीचं सांगत होते आणि त्या माना डोलवत होत्या. आता सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत सांगते. लहान पोराला चिठ्ठी उचलायला लावतात, निघालं ते निघालं, पाच वर्षं बदलत नाही, तहसीलदारालाही बदलता येत नाही. हे कळतं. विशेषतः पुरुषांना जरा जास्तच कळतं.

"कळलं का?" असं कधी विचारू नका. कळलं का विचारलं की कोल्हापुरात कुणीही "व्हय की" म्हणतं, समोरच्याचा मान राखायला. विचारा, "मावशी, घरात गेल्यावर सुनंला काय सांगणार?" मग जे बाहेर पडतं त्यातून खरी समज दिसते. एकीने सांगितलं, "सरकारची नवी योजना आलीया, गोळ्या फुकट." त्या रेशनकार्ड आणि दोन फोटो घेऊनच आल्या होत्या. तिथे थांबायचं, सही घ्यायची नाही. ही योजना नाही, या गोळीने गुण येतो की नाही तेच आम्हाला अजून माहीत नाही, ते शोधायला तुमची मदत मागतोय, आणि नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील. "प्रयोग" हा शब्द लपवू नका. लपवलेला शब्द तिसऱ्या व्हिजिटला शेजारीण सांगते, आणि मग ती जास्त खरी ठरते.

वारसाची ओळ

औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे संमतीपत्रात माणसाचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं लिहावं लागतं. कागदावर ही ओळ शेवटी, सहीच्या जरा वर येते. म्हणजे तासभर सगळं समजावून झालं, बाई तयार झाली, पेन हातात, आणि मी विचारते, "नॉमिनी कोण लावायचं?"

शिरोळकडच्या फडावरून आलेली एक बाई. हाताला उसाच्या पात्याचे बारीक कापे, अंगठ्याला चिंधी. तिने पेन खाली ठेवलं. "म्हंजी म्या मरनार हाय व्हय?"

मी घाईघाईने म्हणाले, "नाही हो, नुसता फॉर्म आहे." हे खोटं होतं. ती उठून गेली नाही, पण पुढचं काहीच तिने ऐकलं नाही हे मला दिसत होतं. मी तिला त्या दिवशी घेतलं नाही.

दुसऱ्या वेळी मी क्रम बदलला. कागद तसाच राहतो, बोलण्याचा क्रम आपल्या हातात असतो. औषधाने काय त्रास होऊ शकतो हे सांगतानाच सांगितलं, त्रास झाला तर उपचार फुकट. औषधामुळे कायमची इजा झाली किंवा जीव गेला तर कंपनीने भरपाई द्यायची, असा कायदा आहे. असं होणं दुर्मीळ, पण होणारच नाही असं मी म्हणणार नाही. तर ते पैसे कुणाच्या हातात पडावेत? बँकेत खातं काढताना वारस लावतात, तसं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बहिनीचं लिवा." आणि दाराकडे बघून, हळू आवाजात, "मालकाला कळनार न्हाई न्हवं?"

नाही कळणार. तिथे खोलीत तिच्याशिवाय फक्त मी आणि साक्षीदार होतो, म्हणून ती हे बोलू शकली.

वार्षिक उत्पन्नाच्या रकान्याचं सांगायचं तर, ज्या माणसाने वर्षाची कमाई उचल म्हणून आधीच घेतलीय आणि फेडतोय, त्याचं उत्पन्न किती? मी त्याने सांगितलेला आकडा लिहिते आणि हिशोब घालत बसत नाही.

साक्षीदार आणि मुकादम

वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना निःपक्षपाती साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा. ट्रायलशी संबंध नसलेला, आपल्या दबावाखाली नसलेला. प्रत्यक्षात काय होतं? सही करायच्या वेळी वॉर्डबॉयला हाक मारतात. तो आमच्याच पगारावर! निवृत्त शिक्षिका, पोस्टातल्या बाई, अशा चार-पाच जणांची यादी आधी करून ठेवा, गुप्तता पाळायचं त्यांच्याकडून लिहून घ्या आणि त्यांनाही येण्याजाण्याचा खर्च द्या.

टोळीपर्यंत पोचायचा सोपा रस्ता मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, जातो, आणि तोच सगळ्यात वाईट. मुकादमाने सांगितलं की वीस माणसं एका रांगेत येतात. ती संमती नव्हे, कारण उचल त्याच्या हातात आहे. एकदा एक मुकादम मला म्हणाला, "म्याडम, किती पायजेत? धा देऊ का पंधरा?" जणू ट्रॉलीच भरायची होती. त्याला मी चहा पाजला, तळावर यायची परवानगी तेवढी मागितली, आणि विचारताना तो तिथे नसेल असं ठरवून घेतलं. कोण हो म्हणालं, कोण नाही, हे त्याला कधीच सांगायचं नाही.

२००९-१० साली आंध्र आणि गुजरातेत मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. आंध्रात वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या, आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संमती कॅमेऱ्यात नोंदवणं सुरू झालं. गरीब माणूस आमच्या ट्रायलमध्ये नाही म्हणून मी तक्रार करते खरी, पण तो नको तितका सहज मिळाल्याचाही इतिहास आपल्याकडे आहे, हे प्रत्येक नव्या कोऑर्डिनेटरला मी पहिल्याच आठवड्यात सांगते.

कॅमेऱ्यावरून आठवलं. एका बाईंच्या संमतीचं रेकॉर्डिंग तपासताना बाहेरून आलेल्या मॉनिटरने शेरा मारला: आवाज पुरुषाचा वाटतो, कारण "मी येतो", "मी विचार करून सांगतो" असं बोलणं आहे. त्याला समजावलं, बाबा, कोल्हापुरात बायका असंच बोलतात. त्याने तेही लेखी मागितलं. दिलं.

बायकांना विचारायच्या गोष्टी

गरोदरपणाची चाचणी. चव्वेचाळीस वर्षांच्या विधवा बाईला ओपीडीच्या गर्दीत नर्सने डबी दिली आणि म्हणाली, "प्रेग्नन्सी टेस्ट करायची आहे." बाई डबी टेबलावर ठेवून निघून गेल्या. त्या जागी मी असते तर मीही गेले असते. ही गोष्ट बंद खोलीत, बाईनेच सांगायची, आणि सुरुवात अशी: या वयाच्या प्रत्येकीची करावी लागते, लग्न झालेलं असो नसो, कारण पोटातल्या बाळाला या औषधाने काय होईल ते माहीत नाही.

ऊसतोडीच्या बायकांत वेगळाच प्रश्न येतो. "माजी पिशवी काढलीया." बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका मोठा झाला की २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी काढलेल्या बाईला ही चाचणी लागत नाही, पण प्रोटोकॉल शस्त्रक्रियेचा कागद मागतो, आणि कागद खोपीत भिजून केव्हाच गेलेला असतो. सोनोग्राफीचा पुरावा चालेल, असं एका ओळीत आधी लिहून घ्या आणि तिचा खर्च बजेटमध्ये धरा. त्या एका ओळीने आमच्याकडे एका हंगामात बऱ्याच बायकांचा रस्ता मोकळा झाला.

नवऱ्याची परवानगी कायद्याने लागत नाही. पण "घरी विचारून सांगतो" म्हणणाऱ्या बाईला अडवूही नका. कागद द्या, दोन दिवस द्या. वाचून दाखवणारं कुणी नसेल तर तोच मजकूर आवाजात रेकॉर्ड करून मोबाइलवर द्या, आधी कमिटीची मंजुरी घेऊन. रात्री चुलीपुढे सगळं घर ऐकतं आणि दुसऱ्या दिवशी सासूचे प्रश्न येतात. सासूचे प्रश्न एथिक्स कमिटीपेक्षा चांगले असतात.

तीन नंबर

फोन नंबर एक घेऊ नका, तीन घ्या. तिचा, मूळ गावातल्या एखाद्याचा, आणि जिथे ती उधारीवर किराणा आणते त्या दुकानाचा. सिम बदलतं, दुकान बदलत नाही. तिसऱ्या नंबरवर आजाराचं नाव चुकूनही काढायचं नाही. "कोल्हापूरच्या ताईंचा फोन होता" एवढाच निरोप. हे तिन्ही नंबर वापरायची परवानगी तिच्याकडून लेखी घ्या.

शेवटचं पत्र

ट्रायल संपली की लोकांना काय निघालं ते कळवायचं असतं. बहुतेक ठिकाणी कळवत नाहीत, आणि पुढच्या वेळी "मागच्याचं काय झालं?" या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नसतं. आमच्या एका ट्रायलच्या निकालाचं पत्र दोन पानांचं आलं होतं. मी डॉक्टरांना बसवून ते अर्ध्या पानावर आणलं, कमिटीला दाखवलं. पहिलं वाक्य: "ही गोळी जुन्या गोळीपेक्षा चांगली ठरली नाही."

राधानगरीच्या एका मामांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलासा. मग आता मी कुठली खाऊ?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. कोणती गोळी, कुठल्या आरोग्य केंद्रात मिळेल, तिथे ती शिल्लक आहे का, हे फोन करून पक्कं करा आणि मगच पत्रं घेऊन गाडीत बसा.